खोट्या नोटेचा खरा चित्रकार

न्यू यॉर्कच्या एका मद्यालयाच्या भिंतीवरील पाच डॉलरच्या नोटेची १८८६ मध्ये अमेरिकी सरकारला दखल घ्यावी लागली. ही नोट कागदाची नव्हती, तेलरंगाची होती. ती रंगवणारा विल्यम मायकेल हार्नेट हा आयर्लंडच्या दुष्काळातून सुटून आलेल्या एका गरीब कुटुंबाचा मुलगा. जुन्या, झिजलेल्या, कोणी ढुंकूनही पाहणार नाही अशा वस्तू त्याने आयुष्यभर रंगवल्या. सामान्य माणसांनी त्याला डोक्यावर घेतले, समीक्षकांनी दूर लोटले आणि मृत्यूनंतर त्याची स्वाक्षरीही खोटी निघू लागली. खरे आणि खोटे यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या चित्रकाराची ही कहाणी.

चित्रातल्या वस्तूला हात लावण्याचा मोह सगळ्यांनाच होत नाही. हार्नेटच्या चित्रांपुढे मात्र तो भल्याभल्यांना होई. वॉरेन स्ट्रीटवर थिओडोर स्टुअर्ट यांचे मद्यालय होते. तेथे येणारा नवखा माणूस भिंतीवरचे चित्र पाहून थबके, तेथील नेहमीची मंडळी त्याच्याशी पैज लावत आणि तो हमखास हरे. याच मद्यालयात हार्नेटने रंगवलेली एक नोट टांगलेली होती. मळकट, चुरगळलेली, अनेक हातांतून फिरून आलेली वाटावी अशी. बनावट नोटांचा छडा लावण्यासाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सीक्रेट सर्व्हिस’ या खात्याचे अधिकारी तेथे येऊन थडकले. त्यांनी चित्र ताब्यात घेतले आणि चित्रकाराला पाचारण केले.

चलनाची हुबेहूब प्रतिकृती करणे कायद्याने गुन्हा होता. हार्नेटचा हेतू नोट चालवण्याचा नव्हता, हे उघडच होते. एक नोट तेलरंगात उतरवायला लागणारा वेळ पाहता असा धंदा करणारा माणूस उपाशीच मेला असता! अधिकाऱ्यांनी त्याला समज देऊन सोडून दिले. पुन्हा कधीही नोट रंगवायची नाही, ही ती समज. हार्नेटने ती अखेरपर्यंत पाळली.

हा प्रसंग आज गमतीचा वाटतो. परंतु त्यात दडलेला प्रश्न गमतीचा नाही. एखादी गोष्ट डोळ्यांना फसवण्याइतकी हुबेहूब रंगवली, तर ती कला ठरते, कारागिरी ठरते की निव्वळ लबाडी? हार्नेटचे सारे आयुष्य आणि त्यानंतरची अर्धशतकाची उपेक्षा याच प्रश्नाभोवती फिरत राहिली.

दुष्काळाचे अपत्य

हार्नेटचा जन्म १० ऑगस्ट १८४८ रोजी आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील क्लोनाकिल्टी या गावी झाला. १८४५ पासून त्या देशात बटाट्याच्या पिकावर करपा पडत होता. गरीब आयरिश कुटुंबाचे दोन वेळचे अन्न म्हणजे बटाटा. तोच शेतात कुजू लागला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने दगावली. तितकीच किंवा त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. कॉर्कच्या पश्चिम भागाला या दुष्काळाची मोठी झळ बसली. साहजिकच हार्नेट कुटुंबानेही लहानग्या विल्यमला घेऊन अमेरिकेची वाट धरली आणि ते फिलाडेल्फियात स्थायिक झाले.

वडील जोडे शिवण्याचे काम करत, आई शिवणकाम करी. ज्या शहरात त्यांनी बिऱ्हाड थाटले, तेथे आयरिश कॅथलिकांचे स्वागत पायघड्या घालून होत नव्हते. अवघ्या काही वर्षांपूर्वी, १८४४ मध्ये, फिलाडेल्फियात स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या होत्या आणि कॅथलिक चर्चेस जाळण्यात आली होती. त्यातच वडिलांचे छत्र लवकर हरपले. कुटुंबाला हातभार लावण्यासाठी विल्यमने लहान वयातच रस्त्यावर वृत्तपत्रे विकली, निरोप्याची कामे केली. पुढे हाच मुलगा आपल्या चित्रांत घडी घातलेली वृत्तपत्रे पुन्हा पुन्हा रंगवणार होता.

सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याने कोरीवकामाचा व्यवसाय पत्करला. आधी पोलाद, तांबे, लाकूड आणि नंतर चांदी. श्रीमंतांच्या घरच्या चांदीच्या काट्या-चमच्यांवर आद्याक्षरे व वेलबुट्टी कोरणे हे त्याचे काम. या कामात चुकीला क्षमा नसते. चांदीवर एकदा उमटलेली रेघ पुसता येत नाही. धातूवर प्रकाश कोठे चमकतो, कडा कोठे बोथट होते, वापराने पृष्ठभाग कसा झिजतो, हे पाहण्याची सवय त्याच्या नजरेला येथेच जडली. कला महाविद्यालयात जे शिकवले जात नाही, ते त्याला पोटासाठी करावयाच्या कामाने शिकवले.

मॉडेल परवडत नाही म्हणून

दिवसा कोरणी आणि संध्याकाळी पेन्सिल, असा त्याचा दिनक्रम होता. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये तो रेखाटनाच्या वर्गांना जाऊ लागला. १८६८ मध्ये त्याला अमेरिकी नागरिकत्व मिळाले. पुढच्या वर्षी तो न्यू यॉर्कला गेला आणि तेथेही चांदीच्या पेढ्यांवर काम करता करता कूपर युनियन व नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन येथील वर्गांत शिकत राहिला. १८७४ च्या सुमारास त्याने तैलरंग हाती घेतले. १८७५ मध्ये नोकरी सोडून पूर्ण वेळ चित्रकार होण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्याच वर्षी तो फिलाडेल्फियाला परतला.

नोकरी सोडली, पण पैसा नव्हता. माणसाचे चित्र काढायचे तर समोर बसणाऱ्याला मजुरी द्यावी लागते. हार्नेटला ती परवडत नव्हती. म्हणून त्याने जवळ होत्या त्या वस्तू मांडल्या. एक चिलीम आणि एक जर्मन धाटणीचा बिअरचा मग. पुढे नाव झाल्यावर एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतःच ही हकिकत सांगितली आहे. ज्याला आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेमुळे घरोघरी ‘स्थिरचित्र’ या नावाने ओळखतात, त्या प्रकाराकडे तो वळला तो असा नाइलाजाने.

हा प्रकार निवडणे म्हणजे एका अर्थाने पंगतीच्या शेवटच्या पानावर बसणे होते. सतराव्या शतकापासून युरोपच्या कला अकादमींनी चित्रप्रकारांची उतरंड ठरवून टाकली होती. सर्वांत वर इतिहास व पुराणकथांची चित्रे, मग व्यक्तिचित्रे, त्याखाली रोजच्या जगण्यातील प्रसंग व निसर्गदृश्ये आणि तळाशी निर्जीव वस्तू. वस्तूंना ना भावना असतात, ना चरित्र. त्यामुळे त्या रंगवण्यास बुद्धी लागत नाही, फक्त हात लागतो, असा हा युक्तिवाद. कारागिराच्या घरातून आलेल्या आणि स्वतः कारागिरी केलेल्या हार्नेटच्या वाट्याला हा शेरा आयुष्यभर आला.

त्याच्या सुरुवातीच्या चित्रांतील जग लहानसे आहे. मेजाचा कोपरा, मग, चिलीम, विझत आलेली काडी, बिस्किटाचे तुकडे, दुमडलेले वृत्तपत्र. ही चित्रे व्यापारी, दुकानदार, कचेरीत काम करणारे मध्यमवर्गीय विकत घेत. दिवसभराचे काम संपवून घटकाभर टेकणाऱ्या माणसाची ही मांडणी त्यांना आपलीशी वाटे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या ‘द बँकर्स टेबल’ या १८७७ च्या चित्रात तर नाणी, नोट, दौत आणि पुस्तके एवढ्याच ऐवजावर एका अदृश्य माणसाचे सारे जीवन उभे राहते. गंमत अशी, की या चित्रांतील वृत्तपत्राचा मजकूर दुरून अगदी वाचता येईलसा वाटतो. जवळ जावे, तर अक्षरे नाहीतच! केवळ रंगाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी अक्षरांचा भास उभा केलेला असतो.

फसवणुकीचे शास्त्र

डोळ्यांना चकवणाऱ्या या चित्रपद्धतीला फ्रेंच भाषेत ‘त्रोंप-लॉय’ असे नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘डोळ्यांची फसवणूक’ असाच होतो. तिची परंपरा फार जुनी. प्राचीन ग्रीसमधील झ्यूक्सिसने रंगवलेली द्राक्षे टिपायला पक्षी आले आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, पऱ्हेसियसने रंगवलेला पडदा बाजूला सारायला खुद्द झ्यूक्सिसच पुढे सरसावला, अशी कथा रोमन लेखक प्लिनी सांगतो. आपल्याला यावर मयसभा आठवावी. जमीन समजून पाण्यात पडलेल्या दुर्योधनाची फजिती महाभारताला वळण देऊन गेली.

हार्नेटची किमया मात्र मयासुराची नव्हती. तिच्यामागे साधी, पक्की तर्कसंगती होती. माणूस दोन डोळ्यांनी पाहतो आणि दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्यांतील सूक्ष्म फरकावरून अंतर ओळखतो. दूरवर पसरलेले दृश्य सपाट कॅनव्हासवर रंगवले, तर हा फरक नसल्यामुळे डोळे चटकन सावध होतात. परंतु दारावर किंवा फळीवर टांगलेली वस्तू रंगवली, तर खोली काही बोटांचीच असते. एवढ्या उथळ जागेत डोळ्यांना चूक पकडणे अवघड जाते. म्हणूनच हार्नेटची गाजलेली चित्रे उभ्या, सपाट पृष्ठभागाची आहेत. वस्तू खऱ्याच आकाराची असते. चौकटीने ती कोठेही अर्धवट कापली जात नाही. प्रकाश एका बाजूने येतो आणि प्रत्येक वस्तूची सावली मागच्या फळीवर नेमकी तेथेच पडते, जेथे ती पडायला हवी. कागदाचा कोपरा किंचित पुढे वळलेला असतो, जणू तो चित्रातून बाहेर येऊ पाहतो आहे. कुंचल्याचा फटकारा बहुधा दिसतच नाही.

१८७९ च्या ‘द आर्टिस्ट्स लेटर रॅक’ या चित्रात लाकडी फळीवर फितीची चौकट ठोकून तिच्यात पत्रे, कार्डे अडकवलेली आहेत. पाहणाऱ्याला वाटते, की एखादे पत्र सहज उपसून काढता येईल. एवढे करूनही हार्नेटला फसवणे हे अंतिम साध्य वाटत नव्हते. नवीकोरी वस्तू चित्रात चांगली उतरत नाही, आपल्याला हवा असतो तो वयाने आलेला मऊपणा, आणि मांडणीतून एक कथा सांगता आली पाहिजे, असे त्याने त्या मुलाखतीत स्पष्ट केले आहे. झिजलेले पुस्तक कोणीतरी वाचलेले असते. डागाळलेल्या चिलमीला कोणाचे तरी ओठ लागलेले असतात. हार्नेटच्या चित्रांत माणसे जवळपास नाहीतच; पण माणसांचा स्पर्श नाही अशी वस्तूही त्यांत नाही.

म्युनिकहून मद्यालयात

१८८० मध्ये साठवलेल्या पैशांवर तो युरोपला गेला. लंडन, फ्रँकफर्ट आणि मग म्युनिक असा त्याचा प्रवास झाला. म्युनिकमध्ये त्याने काही वर्षे काढली, सतराव्या शतकातील डच चित्रे पाहिली, आपला हात अधिक बारीक केला. तेथेच त्याच्या सर्वांत महत्त्वाकांक्षी चित्राची कल्पना आकाराला आली. ‘आफ्टर द हंट’, म्हणजे शिकारीनंतर. नक्षीदार लोखंडी बिजागऱ्यांच्या जुन्या दारावर टांगलेली बंदूक, शिकारीचे शिंग, बंदुकीच्या दारूचे शिंग, टोपी, मारलेला ससा आणि पक्षी, घोड्याचा नाल. या विषयाच्या त्याने एकूण चार आवृत्त्या केल्या. चौथी आणि सर्वांत भव्य आवृत्ती त्याने १८८५ मध्ये पॅरिसमध्ये पूर्ण केली. ती जवळपास सहा फूट उंच आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या ‘सलाँ’ या प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात ती झळकली. ज्या शैलीला हिणवले जात होते, तिला कलाविश्वाच्या राजधानीत मान्यता मिळते का, हे हार्नेटला पाहायचे होते. चित्र स्वीकारले गेले, टांगले गेले, लोकांनी ते पाहिलेही.

१८८६ मध्ये तो न्यू यॉर्कला परतला. ‘आफ्टर द हंट’ कोणत्याही संग्रहालयाने घेतले नाही. ते घेतले मद्यालयाचे मालक स्टुअर्ट यांनी. सुरुवातीला उल्लेखलेल्या पैजा याच चित्रापुढे लागत. त्याची कीर्ती एवढी पसरली, की ठिकठिकाणच्या मद्यालयांना अशा ‘शिकारीच्या दारां’ची गरज भासू लागली आणि हार्नेटचे अनुकरण करणाऱ्या चित्रकारांची एक फळीच तयार झाली.

त्याच वर्षी त्याने ‘द ओल्ड व्हायोलिन’ रंगवले. एका जुनाट हिरव्या दारावर व्हायोलिन आणि गज टांगलेला. मागे स्वरलिपीचे जीर्ण कागद. तारांखाली घोडीजवळ राळेची पांढुरकी पूड साचलेली, म्हणजे कोणीतरी नुकतेच वाजवून ठेवले आहे. दाराची खालची बिजागरी गंजून तुटलेली. वृत्तपत्राचे एक लहानसे कात्रण आणि एक निळे पाकीट. त्या पाकिटावर स्वतः हार्नेटचेच नाव व न्यू यॉर्कचा पत्ता. हीच त्याची स्वाक्षरी! सिनसिनाटीच्या औद्योगिक प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले, तेव्हा एवढी गर्दी उसळली, की लोकांनी पाकीट उचकटून पाहू नये म्हणून चित्राजवळ पहारेकरी उभा करावा लागला.

सिनसिनाटीतील फ्रँक टुकफार्बर यांनी हे चित्र घेतले आणि १८८७ मध्ये त्याच्या रंगीत शिळाछापाच्या प्रती बाजारात आणल्या. ज्यांना मूळ चित्र कधी परवडले नसते, अशा घरांत हार्नेट पोहोचला. हार्नेटच्याच वर्षी, १८४८ मध्ये, जन्मलेले राजा रविवर्मा यांनी सात वर्षांनी, १८९४ मध्ये, मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि देवदेवतांची चित्रे भारतीय घराघरांत नेली. दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु छापील प्रतींनी चित्रकाराला लोकप्रिय करावे आणि त्याच लोकप्रियतेमुळे जाणकारांनी नाके मुरडावीत, हा अनुभव दोघांच्याही वाट्याला आला.

गर्दीचे प्रेम, समीक्षकांची अढी

समीक्षकांचा आक्षेप जुनाच होता. वस्तूची नक्कल म्हणजे कला नव्हे. चित्राने मनाला भिडावे, डोळ्यांशी खेळू नये. फ्रान्समध्ये तेव्हा दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार कुंचल्याचा मोकळा फटकारा उघडपणे मिरवत होते आणि अमेरिकेतील धनिक त्यांच्याकडे वळू लागले होते. कुंचल्याचा मागमूसही न ठेवणारा हार्नेट अशा वेळी कालबाह्य वाटणे स्वाभाविक होते.

सामान्य प्रेक्षकांचा संशय वेगळाच होता. हे रंगवलेले नसणारच, खरी वस्तू चिकटवली असणार! हार्नेटच्या पाठोपाठ नोटा रंगवणाऱ्या जॉन हेबर्ले या चित्रकाराला याचा अनुभव १८८९ मध्ये शिकागोत आला. चित्रात खरी नोट चिकटवली आहे, असा आरोप एका वृत्तपत्राच्या समीक्षकाने केला. हेबर्लेने थेट शिकागो गाठले, जाणकारांसमोर भिंगाखाली चित्र तपासायला लावले, रंग खरवडून दाखवला. शेवटी वृत्तपत्राला आपले म्हणणे मागे घ्यावे लागले. म्हणजे एका बाजूला ‘ही नक्कलच आहे’ हा दोष आणि दुसऱ्या बाजूला ‘ही नक्कल नाहीच’ हा आरोप. दोन्हींच्या मधोमध या चित्रकारांना उभे राहावे लागे.

हार्नेटच्या अखेरच्या वर्षांत चित्रे अधिक संथ, अधिक एकाकी होत गेली. १८८८ च्या ‘फॉर संडेज डिनर’मध्ये दारावर टांगलेली, पिसे काढलेली एक कोंबडी आहे, बाकी काहीच नाही. १८९० च्या ‘द फेथफुल कोल्ट’मध्ये खिळ्याला अडकवलेले एक जुने रिव्हॉल्व्हर. हस्तिदंती मुठीला तडा गेलेला, मागे फळीवर स्थिर सावली. ‘विश्वासू’ हे विशेषण एरवी माणसाला किंवा कुत्र्याला लावावे. येथे ते निवृत्त झालेल्या शस्त्राला लावले आहे.

संधिवाताने त्याचे हात आखडू लागले होते. सूक्ष्म रेघेवर जगणाऱ्या चित्रकाराला याहून क्रूर आजार कोणता? उपचारांसाठी तो युरोपलाही जाऊन आला. चित्रांची संख्या घटत गेली. १८९२ मध्ये त्याने ‘ओल्ड मॉडेल्स’ रंगवले. व्हायोलिन, बिगुल, जुनी पुस्तके, चिनी मातीची बरणी. माणूस बसवणे परवडत नाही म्हणून ज्यांच्याकडे तो वळला, त्या वस्तूच त्याची आयुष्यभराची ‘मॉडेल्स’ ठरली होती आणि चित्राच्या नावातून त्याने तसे सांगूनही टाकले. २९ ऑक्टोबर १८९२ रोजी न्यू यॉर्कमध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे निधन झाले. तो अविवाहित होता. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात त्याच्या चित्रांचा आणि त्याने जमवलेल्या जुन्या वस्तूंचा लिलाव झाला. पुस्तके, वाद्ये, मग, शस्त्रे सगळी घरोघर पांगली.

विस्मृती आणि नावाची चोरी

त्यानंतरची चार दशके हार्नेटचे नाव जवळजवळ पुसले गेले. मद्यालये बंद झाली, १९२० पासून तर अमेरिकेत दारूबंदीच आली. त्यांच्या भिंतींवरील चित्रे माळ्यांवर गेली. १९३५ मध्ये न्यू यॉर्कच्या डाउनटाउन गॅलरीच्या संचालिका एडिथ हॅल्पर्ट यांच्या हाती ‘द फेथफुल कोल्ट’ लागले. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयाने ते विकत घेतले. कोल्ट रिव्हॉल्व्हर जेथे बनत असे, ते हेच हार्टफर्ड शहर! १९३९ मध्ये हॅल्पर्ट यांनी हार्नेटच्या चित्रांचे प्रदर्शनच भरवले. अतिवास्तववादाची ओळख झालेल्या नव्या पिढीला या स्तब्ध, विचित्र तेजाने भारलेल्या वस्तूंमध्ये आधुनिकता दिसू लागली. संग्रहालये, धनिक संग्राहक हार्नेटच्या शोधात निघाले. मागणी वाढली, तशी चित्रेही भराभर सापडू लागली.

येथेच एका वेगळ्या ‘फसवणुकी’चा उलगडा झाला. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे कला व संगीत समीक्षक अल्फ्रेड फ्रँकेन्स्टाइन यांनी १९४० च्या दशकात हार्नेटचे चरित्र लिहायला घेतले. ‘आफ्टर द हंट’ची भव्य आवृत्ती १९४० मध्ये त्यांच्याच शहरातील संग्रहालयात आली होती. अभ्यास करता करता त्यांच्या लक्षात आले, की हार्नेटच्या नावावर दोन भिन्न हातांची चित्रे आहेत. एक हात कठीण, रेखीव, प्रत्येक पोताचा निराळा हिशेब ठेवणारा. दुसरा मऊ, त्यात सगळ्याच वस्तूंवर एकसारखा मंद, उदास प्रकाश पडलेला. एकाच चित्रकाराची ही दोन रूपे असतील, असे आधी मानले जात होते.

या शोधात ते १९४७ मध्ये न्यू जर्सीतील आयलंड हाइट्स या लहानशा गावात पोहोचले. तेथे जॉन फ्रेडरिक पीटो या विस्मृत चित्रकाराचे घर होते. पीटो मूळचा फिलाडेल्फियाचा, हार्नेटहून सहा वर्षांनी लहान आणि त्याला मानणारा. त्याने उत्तरायुष्यात गावात येणाऱ्या पाहुण्यांना किरकोळ किमतीला चित्रे विकली आणि १९०७ मध्ये तो अज्ञातवासातच वारला. घरात पाऊल टाकताच फ्रँकेन्स्टाइन यांना ‘हार्नेट’च्या मऊ शैलीतल्या चित्रांमधील वस्तू जशाच्या तशा ठेवलेल्या दिसल्या.

पुढचे पुरावे चित्रांतूनच निघाले. हार्नेटचे म्हणून संग्रहालयात गेलेल्या एका चित्रातील पत्रावर १८९४ चा शिक्का होता. हार्नेट तर १८९२ मध्येच गेला होता! मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील ‘ओल्ड सुव्हनिर्स’ या चित्रात एका लहान मुलीचे छायाचित्र रंगवलेले आहे. ती मुलगी निघाली पीटोची कन्या. चित्रसंवर्धकांच्या तपासणीतही स्वाक्षऱ्या नंतर चढवलेल्या असल्याचे सिद्ध झाले. पीटोची चित्रे स्वस्तात घेऊन त्यांवर हार्नेटचे नाव रंगवण्याचा उद्योग फार पूर्वीच कोणीतरी करून ठेवला होता. फ्रँकेन्स्टाइन यांनी हे सारे १९४९ मध्ये एका शोधनिबंधात आणि १९५३ मध्ये ‘आफ्टर द हंट’ याच नावाच्या ग्रंथात मांडले.

खोटी नोट रंगवल्याबद्दल ज्याला सरकारने समज दिली, त्याचे नावच खोट्या नोटेसारखे बाजारात चालत होते. मात्र या शोधाचे फळ दुहेरी होते. पीटो हा स्वतंत्र, मोठा चित्रकार म्हणून प्रकाशात आला. आणि हार्नेटचा खरा हातही प्रथमच स्पष्ट दिसू लागला. नुसते डोळे फसवणे पीटोला जमत होते, हेबर्लेला जमत होते, मद्यालयांसाठी चित्रे काढणाऱ्या इतर कितीतरी जणांना जमत होते. दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर वेगळे दिसले ते हार्नेटचे वजन. लोखंड लोखंडाइतके जड, कागद कागदाइतका हलका, आणि प्रत्येक वस्तू आपल्या जागी अशी ठेवलेली, की ती तसूभरही हलवता येऊ नये. चांदीवर पुसता न येणारी रेघ ओढण्याची सवय अखेरपर्यंत त्याच्या हाती राहिली होती. ‘फक्त हात लागतो’ असे म्हणणाऱ्यांनी त्या हातामागची निवड पाहिलीच नव्हती.

१९९२-९३ मध्ये, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासह अमेरिकेतील प्रमुख संग्रहालयांत त्याचे मोठे प्रदर्शन फिरले. ‘द ओल्ड व्हायोलिन’ आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, तर १८७७ मध्ये रंगवलेली पाच डॉलरची एक नोट फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात. ते चित्र आता कोणी जप्त करत नाही.

त्याहून बोलकी घटना त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, घडून गेली होती. अमेरिकेच्या टपाल खात्याने त्या वर्षी हार्नेटच्या गौरवार्थ सहा सेंटचे तिकीट काढले. त्यावर ‘ओल्ड मॉडेल्स’ होते. तेच व्हायोलिन, तोच बिगुल, तीच जुनी पुस्तके. हे तिकीट ज्या सरकारी छापखान्यात छापले गेले, त्याच छापखान्यात अमेरिकेच्या नोटाही छापल्या जातात. नोटेची नक्कल केली म्हणून ज्या सरकारने दुष्काळातून आलेल्या त्या मुलाला एकदा दटावले होते, त्याच सरकारने ८३ वर्षांनी त्याच्या चित्राची नक्कल करून ती अधिकृत मूल्यासह देशभर चलनात आणली.